चर्चची इमारत उभारताना सभासदांचे दान आणि कर्ज यांचा मेळ कसा घालावा

इमारतीचा विषय निघाला की बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांत, आधी नकाशा तयार होतो, नकाशावरून अंदाजपत्रक निघते, अंदाजपत्रकातून हाताशी असलेली शिल्लक वजा होते आणि जो आकडा उरतो त्याला ‘लागणारे कर्ज’ असे नाव मिळते. या क्रमाने गेलेल्या मंडळीला कर्ज मिळतेही, कारण जागा तारण असते आणि तारण भक्कम असले की कर्ज देणारा फारसे अडवत नाही. मात्र ते फेडण्याची ताकद मंडळीत आहे की नाही, हे त्या आकड्यात कोठेच तपासलेले नसते. या लेखात क्रम उलट ठेवला आहे. सभासदांनी आजवर प्रत्यक्ष किती दिले, त्यावरून कर्ज किती झेपते, संकल्पाच्या म्हणजे आधी लेखी कबूल केलेल्या दानातून आणखी किती उभे राहते, आणि या सर्वांच्या बेरजेत कोणती इमारत बसते, असा तो क्रम आहे. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातले आकडे कोणत्याही चलनाचे समजावेत.

मागील तीन वर्षांचे हिशेब

पहिली बैठक आर्किटेक्टबरोबर न घेता खजिनदाराबरोबर घ्यावी. मागील तीन वर्षांच्या जमाखर्चातून नियमित उत्पन्न वेगळे काढावे. रविवारचे अर्पण, दशमांश आणि दरमहा ठरलेली वर्गणी एवढेच नियमित उत्पन्न होय. मृत्युपत्राने मिळालेली रक्कम, एखाद्या वर्धापनदिनाची विशेष देणगी, जागा विकून आलेला पैसा किंवा बाहेरून मिळालेली मदत यांची बेरीज कितीही मोठी असली, तरी हप्ता भरण्यासाठी ती धरता येत नाही, कारण हप्ता दरमहा येतो आणि हे पैसे एकदाच येतात.

त्यानंतर एक प्रश्न विचारावा, जो विचारायला समित्या संकोचतात : एकूण दानातला किती हिस्सा सर्वांत जास्त देणाऱ्या पाच कुटुंबांकडून येतो? नावे समितीपुढे ठेवण्याची गरज नाही, आणि ती ठेवूही नयेत. खजिनदाराने केवळ प्रमाण सांगावे. हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल, तर त्या मंडळीचे उत्पन्न कागदावर दिसते तितके स्थिर नाही. दोन कुटुंबे स्थलांतरित झाली तरी संपूर्ण योजना कोसळू शकते, आणि कर्जाची मुदत तर दहा-पंधरा वर्षांची असते.

आपल्या उदाहरणातील मंडळीत १५० कुटुंबे आहेत, नियमित उत्पन्न महिना ५ लाख आहे आणि खर्च ४ लाख आहे. या ४ लाखांत नव्या इमारतीची वीज, साफसफाई, विमा आणि देखभाल यांचा वाढीव खर्च आजच मिळवलेला आहे, हे महत्त्वाचे. मोठी इमारत चालवायलाही मोठा खर्च येतो, आणि तो कर्जाच्या हप्त्याबरोबरच सुरू होतो. म्हणजे खरी शिल्लक महिना १ लाख. त्यातला चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी राखून ७५,००० पर्यंतचा हप्ता धरावा. हा हप्ता नियमित उत्पन्नाच्या १५ टक्के होतो, जो सुरक्षित आहे. एक चतुर्थांशाच्या पुढे गेलेला हप्ता पाळकांच्या मानधनाशी आणि सेवाकार्याशी स्पर्धा करू लागतो, आणि त्या स्पर्धेत हप्ता नेहमी जिंकतो, कारण त्याच्या मागे तारण असते.

‘नवी इमारत झाली की माणसे वाढतील, माणसे वाढली की दान वाढेल’ हा युक्तिवाद प्रत्येक सभेत होतो. तो खोटा असेलच असे नाही. पण वाढलेले दान ही आशा आहे आणि हप्ता हा करार आहे. जे सभासद अजून मंडळीत आलेलेच नाहीत, त्यांच्या खिशातून आजचा करार लिहू नये.

कर्ज किती झेपते

समान मासिक हप्त्याच्या कर्जात १ लाख मुद्दल, १० टक्के वार्षिक व्याज असे धरले, तर १० वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे १,३२२ येतो आणि एकूण सुमारे १,५८,६०० फेडावे लागतात. १५ वर्षांना हप्ता १,०७५ वर उतरतो, पण एकूण फेड १,९३,४०० होते. २० वर्षांना हप्ता ९६५ आणि एकूण फेड २,३१,६०० होते. पंधरावरून वीस वर्षांवर गेल्याने हप्त्यात जेमतेम ११० ची सवलत मिळते आणि त्यासाठी ३८,००० पेक्षा जास्त मोजावे लागतात. म्हणून हप्ता झेपत नाही म्हणून मुदत वाढवण्यापेक्षा मुद्दल कमी करण्याचा मार्ग आधी शोधावा.

७५,००० चा हप्ता, १५ वर्षे आणि १० टक्के या हिशेबाने आपल्या मंडळीला सुमारे ६९.८ लाख कर्ज झेपते. दर १२ टक्के असेल तर हीच मर्यादा ६२.५ लाखांवर येते. ६९.८ लाखांचे कर्ज बदलत्या दराने घेतले आणि मुदत न वाढता दर १२ टक्क्यांवर गेला, तर हप्ता ८३,८०० च्या घरात जातो. म्हणून समितीने आपली मर्यादा आजच्या दराने न ठरवता, दोन टक्के चढ्या दराने एकदा तपासून पाहावी.

एकूण खर्च म्हणजे नेमके काय

बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो आणि पाया घालून काम अपुरे राहिले तर पाहणारे हसतात, हा बायबलमधील लूक १४ मधला दृष्टान्त बांधकामाच्या सभेत हमखास वाचला जातो. वाचल्यानंतर मात्र जो आकडा पुढे येतो तो बहुधा ठेकेदाराचाच असतो. ठेकेदाराचा आकडा आणि प्रकल्पाचा खर्च यांत मोठे अंतर असते.

आपल्या उदाहरणात ठेकेदाराचे काम १४० लाखांचे आहे. त्यावर आसने, दिवे, ध्वनियंत्रणा आणि वेदीचे सामान १९ लाख; आर्किटेक्ट, अभियंता, मातीची तपासणी आणि परवानग्या १२ लाख; बांधकाम चालू असतानाचे व्याज व कर्जाचे शुल्क ८ लाख; आणि बांधकामाच्या १५ टक्के म्हणजे २१ लाख आकस्मिक निधी. एकूण २०० लाख. सभेपुढे हाच आकडा ठेवावा. आधी १४० सांगून नंतर एकेक भर घालत गेले, की दोनदा दान दिलेल्या सभासदाला तिसऱ्यांदा विचारताना समितीची मान खाली जाते.

संकल्पाचे दान

नियमित अर्पणाखेरीज, ठरावीक काळात ठरावीक रक्कम इमारतीसाठी देण्याचा लेखी संकल्प प्रत्येक कुटुंबाने करावा, ही पद्धत बहुतेक मंडळ्यांना मानवते. तीन वर्षांचा काळ योग्य ठरतो. एका वर्षात रक्कम फार उभी राहत नाही, आणि पाच वर्षांत लोकांच्या नोकऱ्या, घरे आणि उत्साह, सगळेच बदललेले असते.

उद्दिष्ट १ कोटी आणि कुटुंबे १५० असतील, तर प्रत्येकी ६७,००० अशी सरसकट वाटणी कागदावर नीट दिसते आणि व्यवहारात फसते. ज्याला ते शक्य नाही तो लाजेने बाजूला होतो, आणि ज्याला दहापट शक्य आहे तोही ६७,००० देऊन मोकळा होतो. त्याऐवजी उतरंड मांडावी. एका कुटुंबाकडून १२ लाख, दोघांकडून ६-६ लाख, पाच जणांकडून ३-३ लाख, बारा जणांकडून दीड-दीड लाख, तीस जणांकडून साठ-साठ हजार आणि उरलेल्या शंभर कुटुंबांकडून सरासरी पंचवीस हजार. बेरीज बरोबर १ कोटी होते. पंचवीस हजार म्हणजे तीन वर्षे महिना सातशेच्याही आत, ही गोष्ट उघडपणे सांगावी, कारण त्या एका वाक्याने अनेक कुटुंबांना आपलाही वाटा आहे हे पटते. त्याच वेळी पहिल्या आठ कुटुंबांकडून ३९ लाख अपेक्षित आहेत, हे समितीने स्वतःशी मान्य करावे. ती आठ कुटुंबे दिसत नसतील, तर कितीही आवेशपूर्ण उपदेश झाले तरी उद्दिष्ट गाठले जाणार नाही आणि इमारत लहान करणे हाच मार्ग राहतो.

म्हणून जाहीर मोहिमेआधी दोन-तीन महिने शांतपणे घरोघरी भेटी घ्याव्यात. पहिल्या भेटीत पैसे मागू नयेत. ही इमारत हवी आहे का, का हवी आहे, तिच्यात काय खटकते, आणि ती उभी राहिली तर तुम्ही कोणत्या प्रमाणात सहभागी व्हाल, एवढेच विचारावे. या भेटींत नकाशावरचे आक्षेप कळतात, आणि बांधकाम सुरू होण्याआधी कळलेला आक्षेप फुकटात दूर होतो. शिवाय समितीला एक प्रामाणिक अंदाज मिळतो. तो उद्दिष्टाच्या निम्म्याहून कमी निघाला, तर मोहीम सुरूच करू नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. पहिला इतिहास २९ मध्ये दावीद मंदिरासाठी आधी स्वतःचे सोनेरुपे देतो, मग वाडवडिलांच्या घराण्यांचे प्रमुख देतात, आणि ते पाहून लोक आनंदित होतात. पाळक, पंच आणि इमारत समितीचे सभासद यांचे संकल्प लिहून झाल्याशिवाय व्यासपीठावरून एकही आवाहन होऊ नये. नेतृत्वाच्या संकल्पांची एकत्रित बेरीज पहिल्या जाहीर सभेत सांगावी. वैयक्तिक रकमा कोणाच्याही सांगू नयेत. सभागृहाला, खोलीला किंवा बाकाला देणगीदाराचे नाव देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि तिने पैसा येतोही. माझ्या मते ती टाळावी. नावाच्या पाटीने मिळालेली रक्कम एकदाच मिळते, पण पाटी नसलेल्यांच्या मनात आलेले अंतर कर्ज फिटल्यावरही राहते.

संकल्पपत्र एका पानाचे असावे. एकूण रक्कम, हप्त्याची पद्धत, सुरुवातीचा महिना आणि सही. त्यावर दोन वाक्ये स्पष्ट लिहावीत. एक, ही रक्कम नियमित अर्पणाव्यतिरिक्त आहे. दोन, परिस्थिती बदलल्यास संकल्पात बदल करता येईल आणि त्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही. दुसऱ्या वाक्याने लोक मागे हटतील अशी भीती समितीला वाटते. उलट त्या वाक्यामुळेच अनिश्चित उत्पन्नाची कुटुंबे पुढे येतात. पहिल्या वाक्याचे महत्त्व हिशेबाचे आहे. नियमित अर्पणातले १० टक्के जरी इमारत निधीकडे वळले, तरी ५ लाखांचे उत्पन्न साडेचार लाखांवर येते आणि १ लाखाची शिल्लक थेट निम्मी होते. त्यामुळे इमारत निधी फुगत असताना मंडळीची फेडण्याची ताकद मात्र घटत जाते. मोहिमेच्या पहिल्या सहा महिन्यांत ही दोन्ही खाती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

संकल्प १ कोटीचे झाले तरी हिशेबात ८५ लाख धरावेत. मृत्यू, बदली, आजारपण आणि मतभेद यांमुळे काही रक्कम येणार नाही, यात कोणाचा दोष नसतो. ही घट कमी करायची असेल, तर प्रत्येक कुटुंबाला दर तिमाहीला त्याच्या जमेचे बंद पाकीट द्यावे, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांनाही वर्षातून एकदा संकल्पाची संधी द्यावी. वस्तुरूप दानाचे धोरण आधीच ठरवावे. आराखड्यात नसलेले सामान, वादातील जमीन किंवा ‘माझ्याच नातेवाइकाला ठेका द्या’ अशी अट असलेली देणगी नम्रपणे नाकारण्याचा अधिकार समितीला ठरावाने द्यावा.

उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर थांबावे, हेही सांगायला हवे. निर्गम ३६ मध्ये निवासमंडपासाठी गरजेपेक्षा अधिक सामान येऊ लागले तेव्हा मोशेने छावणीत दवंडी देऊन आणणे बंद करवले. ठरल्यावेळी थांबलेल्या समितीला पुढच्या वेळी मागताना अडचण येत नाही.

पैसा येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ

बेरीज जुळूनही योजना अडकते ती याच ठिकाणी, म्हणून हा भाग सावकाश पाहावा. आपल्या मंडळीकडे हातात ४० लाख आहेत, संकल्पातून ८५ लाख धरले आहेत, म्हणजे २०० लाखांपैकी ७५ लाख कमी पडतात. कर्जाची मर्यादा ६९.८ लाख. तूट जेमतेम पाच लाखांची दिसते आणि समिती कामाला लागते.

बांधकाम १८ महिन्यांत पूर्ण होते आणि ठेकेदाराला तेवढ्याच काळात सर्व पैसे द्यावे लागतात. संकल्पाचे पैसे मात्र ३६ महिन्यांत येतात. मोहीम आणि बांधकाम एकाच महिन्यात सुरू केले, तर अठराव्या महिन्याअखेर संकल्पातून ४२.५ लाख आलेले असतील. हातातले ४० धरून ८२.५ लाख. म्हणजे त्या दिवशी ११७.५ लाखांचे कर्ज डोक्यावर असेल, जे झेपणाऱ्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक आहे. हाच तो क्षण, जेव्हा काम अर्धवट थांबते किंवा महागडे तात्पुरते कर्ज घाईघाईने घेतले जाते.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकत्र वापरावेत. पहिला म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर १२ महिने थांबून बांधकाम सुरू करणे. मग काम तिसाव्या महिन्यात संपते, तोवर संकल्पातून सुमारे ७०.८ लाख आलेले असतात, आणि कर्जाची कमाल गरज ८९.२ लाखांवर येते. अजूनही ती जास्तच आहे. दुसरा उपाय टप्प्यांचा. वरच्या मजल्यावरील वर्गखोल्यांचे २५ लाखांचे काम पुढे ढकलले, तर खर्च १७५ लाखांवर आणि कमाल कर्ज ६४.२ लाखांवर येते. शेवटच्या सहा महिन्यांत येणारे संकल्पाचे १४.२ लाख थेट कर्जात भरले की मुद्दल ५० लाखांवर येते आणि त्याचा हप्ता १० टक्के दराने सुमारे ५३,७०० राहतो. दर १२ टक्क्यांवर गेला तरी तो ६०,००० असतो. ७५,००० च्या मर्यादेत ही योजना श्वास घेऊ शकते. थांबण्याच्या काळात बांधकामाचे दर वाढू शकतात हे खरे. म्हणूनच आकस्मिक निधी १५ टक्के धरला आहे.

टप्पा मात्र असा निवडावा की तो एकटाही वापरात येईल. जर्मनीतील कलोन कॅथेड्रलचे काम १२४८ मध्ये सुरू झाले आणि सोळाव्या शतकात थांबले. इमारत पूर्ण व्हायला १८८० उजाडले. तरीही वेदीकडचा भाग १३२२ मध्येच अर्पण करून उपासनेसाठी वापरात आणलेला होता, त्यामुळे मधली शतके ती जागा ओस पडली नाही. नुसते खांब आणि छप्पर उभे करून उपासना मात्र भाड्याच्याच जागेत चालू ठेवावी लागत असेल, तर मंडळी भाडे आणि व्याज दोन्ही भरत राहते.

थांबण्याच्या त्या १२ महिन्यांचा आणखी एक उपयोग आहे. त्या काळात दरमहा ७५,००० जणू हप्ता सुरू झालाच आहे अशा रीतीने वेगळ्या खात्यात टाकावेत. वर्षाअखेर ९ लाख जमतात, आणि हा पूर्ण वर्षाच्या हप्त्यांचा राखीव निधी होतो. एखाद्या महिन्यात ही रक्कम बाजूला काढता आली नाही, तर मंडळीला आपल्या क्षमतेबद्दल जे कळायचे ते सही करण्याआधीच कळते. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे.

कर्ज कोठून आणि कोणत्या अटींवर

सर्वसाधारणपणे तीन वाटा असतात : बँक किंवा वित्तसंस्था, आपल्या संप्रदायाचा कर्जनिधी, आणि सभासदांकडून घेतलेले कर्ज. काही संप्रदायांनी सभासदांच्या ठेवी घेऊन मंडळ्यांना इमारतीसाठी कर्ज देणाऱ्या संस्था उभारल्या आहेत. अमेरिकेतील लुथरन चर्च एक्स्टेन्शन फंड हे त्याचे परिचित उदाहरण आहे. असा निधी उपलब्ध असेल तर आधी तेथे विचारावे, कारण मंडळीचे उत्पन्न कसे चालते हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

सभासदांकडून थेट कर्ज घेणे वरवर सोपे वाटते. पण अनेकांकडून ठेवीसारखा पैसा घेण्यावर बहुतेक देशांत कायद्याची बंधने असतात, म्हणून वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय ही वाट धरू नये. शिवाय सभासद धनको झाला की मंडळीतले नाते बदलते. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसे परत हवे असतात आणि नेमके त्याच महिन्यात स्लॅबचे बिल आलेले असते. विश्वासाच्या वर्तुळात पैसा गुंतवला म्हणजे तो सुरक्षितच राहतो, असेही नाही. बॅप्टिस्ट फाउंडेशन ऑफ ॲरिझोना ही संस्था १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा सुमारे ११,००० गुंतवणूकदारांचे पैसे अडकले, आणि त्यांतील अनेकांनी चर्चशी असलेल्या नात्यामुळेच ते तेथे ठेवले होते.

बँकेचे कर्ज असो वा संप्रदायाचे, करार वाचताना काही कलमांवर बोट ठेवून थांबावे. दर स्थिर आहे की बदलता, आणि बदलता असेल तर किती काळाने बदलतो. मुदतीआधी फेड केल्यास दंड आहे का. आपल्या योजनेत मुदतीआधीची फेड गृहीतच असल्याने हे कलम निर्णायक ठरते. कर्ज एकरकमी मिळते की कामाच्या प्रगतीनुसार. प्रगतीनुसार मिळाल्यास उचललेल्या रकमेवरच व्याज लागते, जे फायद्याचे आहे. बांधकामाच्या काळात फक्त व्याज भरण्याची सवलत आहे का. पाच-सात वर्षांनी उरलेली सर्व रक्कम एकदम मागण्याचे कलम आहे का. असल्यास त्या वर्षी नवे कर्ज मिळेल या भरवशावर सही करू नये. तारण म्हणून फक्त नवी इमारत आहे की मंडळीची सर्व मालमत्ता. पाळकांची किंवा पंचांची वैयक्तिक हमी मागितली जात असेल, तर ती देऊ नये असे माझे मत आहे. पाळकांची बदली होते, पंचांची मुदत संपते, पण हमी त्यांच्या घरावर तशीच राहते. मंडळीच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर कर्ज मिळत नसेल, तर बहुधा ते कर्ज मोठे आहे.

मोठी मालमत्ता हे मोठ्या कर्जाचे समर्थन होत नाही, याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील क्रिस्टल कॅथेड्रलचे आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेली ही काचेची जगप्रसिद्ध इमारत होती. देणग्या घटल्या, देणी साठत गेली, ऑक्टोबर २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अखेर ती वास्तू ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताला ५.७५ कोटी डॉलरना विकावी लागली.

ठराव, खाती आणि पारदर्शकता

कर्जाचा निर्णय समितीने घेऊन चालत नाही. सर्वसाधारण सभेची रीतसर सूचना, गणपूर्ती, गुप्त मतदान आणि कर्जाची कमाल रक्कम, दर व मुदत यांचा उल्लेख असलेला ठराव इतिवृत्तात असायला हवा. मालमत्ता ट्रस्टच्या किंवा धर्मप्रांताच्या नावावर असल्यास त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. नकाशावर खर्च केल्यानंतर ही परवानगी अडल्याने वर्ष वाया जाऊ शकते. साध्या बहुमताने कायदेशीर मान्यता मिळेल, पण पंधरा वर्षांच्या कर्जाला पंचावन्न टक्के मते म्हणजे पंचेचाळीस टक्के सभासद पहिल्या दिवसापासून बाहेर. तीन चतुर्थांश मतांची अट स्वतःहून घालून घ्यावी.

इमारत निधीचे बँक खाते वेगळे असावे, पैसे काढण्यासाठी दोन सह्या लागाव्यात, त्या एकाच कुटुंबातील नसाव्यात, आणि अर्पण मोजताना नेहमी दोन माणसे असावीत. ही काळजी नवी नाही. दुसरे राजे १२ मध्ये योआश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांकडे पैसा जमत होता, तरी मंदिराची डागडुजी झाली नव्हती. मग यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, आणि पैसा साठला की राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून तो मोजत व काम पाहणाऱ्यांच्या हाती देत.

इमारतीसाठी आलेला पैसा इमारतीखेरीज कोठेही, तात्पुरता उसना म्हणूनही, वळवू नये. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या नावाने जर्मनीत पापक्षमापत्रे विकली गेली, तेव्हा त्या पैशातला निम्मा हिस्सा आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांनी आपल्या पदासाठी फुगर पेढीकडून घेतलेल्या कर्जाच्या फेडीकडे जात होता, आणि ही गोष्ट देणाऱ्या सामान्य माणसांना ठाऊक नव्हती. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेले आक्षेप या विक्रीवरूनच सुरू झाले. कारण कितीही निकडीचे असो, दिलेल्या पैशाचा हेतू देणाऱ्याला न सांगता बदलता येत नाही.

बांधकाम चालू असताना

येथे तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे. ठेकेदाराचे प्रत्येक बिल आर्किटेक्टने मोजमाप तपासून मंजूर केल्यावरच द्यावे. प्रत्येक बिलातून ठरलेली टक्केवारी राखून ठेवावी आणि ती दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर द्यावी. आणि नकाशातला कोणताही बदल, मग तो पाळकांनी सुचवलेला असला तरी, खर्चाच्या लेखी आकड्यासह समितीने मंजूर केल्याशिवाय होऊ नये. आकस्मिक निधी संपतो तो बहुधा ‘आता होतच आहे तर हेही करून घेऊ’ या वाक्याने.

फेड

पहिल्या काही वर्षांत सभासदांचा धीर सुटतो, कारण मुद्दल हलताना दिसत नाही. १० टक्के दराच्या १५ वर्षांच्या कर्जात १ लाखामागे तीन वर्षांत सुमारे ३८,७०० भरले जातात आणि मुद्दल मात्र १०,१०० नेच कमी होते. हे गणित सभेला आधीच समजावून सांगावे, आणि म्हणूनच संकल्पाची उरलेली रक्कम, वर्षाअखेरची शिल्लक किंवा एखादी विशेष देणगी शक्य तितक्या लवकर मुद्दलात भरावी. अशी रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, असे विचारले जाते. उत्पन्न ओढाताणीचे असेल तर हप्ता कमी करावा, एरवी मुदत कमी करावी. दरमहा उरलेले मुद्दल सूचनाफलकावर लावावे. फक्त जमा झालेले दान लावणाऱ्या मंडळीला आपण किती देणे लागतो याचा हळूहळू विसर पडतो.

हप्ता चुकण्याची चिन्हे दिसू लागली, तर तो चुकण्याआधीच कर्ज देणाऱ्याकडे जावे. राखीव निधीतले निम्मे हप्ते वापरून झाले की ती वेळ आली असे समजावे. त्या टप्प्यावर मुदतवाढ किंवा काही महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागता येते; तीन हप्ते थकल्यावर तोच माणूस त्याच टेबलावर वेगळ्या स्वरात बोलतो.

पहिल्या संकल्पाची तीन वर्षे संपल्यावर लगेच दुसरी मोहीम काढू नये. एक वर्ष जाऊ द्यावे, त्या वर्षात पूर्ण हिशेब छापून प्रत्येक कुटुंबाला द्यावा, आणि मगच पुढे ढकललेल्या वर्गखोल्या आधी बांधायच्या की उरलेले कर्ज आधी फेडायचे, हा प्रश्न सभेपुढे ठेवावा. कर्जावरचा दर चढा असेल तर आधी फेड करावी.

शेवटचा हप्ता भरला की कर्जमुक्तीचा दाखला आणि मूळ कागदपत्रे परत घ्यावीत, मालमत्तेच्या नोंदीवरचा बोजा कमी झाल्याची प्रत स्वतः जाऊन मिळवावी, आणि अंदाजपत्रकातली हप्त्याची ओळ पुसून न टाकता निदान तिची निम्मी रक्कम दुरुस्ती निधीत वळती करावी, कारण तोपर्यंत छताला पंधरा वर्षे झालेली असतात.